तेल-पाण्याच्या सीमेवर पॉलिमर सर्फॅक्टंट: मोजमापाची सुरुवात कशी करावी

सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीत एसडीएस, यासारख्या लहान रेणूंच्या सर्फॅक्टंटवर (तेल-पाण्याच्या सीमेवर बसून तिथला ताण कमी करणाऱ्या पदार्थावर) प्रात्यक्षिके केलेला विद्यार्थी पहिल्यांदा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पोलोक्झॅमर किंवा डिंक हाताळू लागतो, तेव्हा जुन्याच सवयी घेऊन बसतो. द्रावण करायचे, आंतरपृष्ठीय ताण, म्हणजे तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण, मोजायचा, आकडा वहीत लिहायचा आणि पुढच्या द्रावणाकडे वळायचे, असा त्याचा क्रम असतो. पॉलिमरच्या बाबतीत असा आकडा अपुरा ठरतो, कारण पॉलिमरचा रेणू तेल आणि पाणी यांच्या सीमेवर सावकाश पोहोचतो, पोहोचल्यावर बराच वेळ आपली मांडणी बदलत राहतो आणि एकदा बसला की नुसते पाणी घालून निघत नाही. म्हणून ताणाच्या प्रत्येक आकड्याशेजारी तो किती वेळाने घेतला आणि त्याआधी नमुन्यावर काय काय केले होते, हे लिहिलेले असावेच लागते. रसायनशास्त्र, औषधनिर्माण किंवा अन्नतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात या विषयाला नव्याने हात घालणाऱ्यांसाठी पुढील क्रम दिला आहे.

रेणू सीमेवर कसा बसतो

एसडीएसच्या रेणूला बारा कार्बनची जलद्वेषी शेपटी आणि एक विद्युतभारित डोके असते. तो आंतरपृष्ठावर येतो, सुटतो, पुन्हा येतो, आणि ही ये-जा वेगाने चालू असल्यामुळे समतोल लवकर साधतो. पॉलिमरच्या साखळीत मात्र शेकडो दुवे असतात. तेलाची ओढ असलेले काही दुवे आंतरपृष्ठाला सपाट चिकटतात, त्यांच्यामधले दुवे कमानीसारखे पाण्यात उठतात आणि टोके शेपट्यांसारखी मोकळी राहतात. कमानींची ही कल्पना १९५१ साली जेंकेल आणि रुम्बाख यांनी मांडली आणि आजही विचाराची सुरुवात तिथूनच होते. एकेका दुव्याची चिकटण्याची ऊर्जा किरकोळ असते. पण रेणू सुटायचा तर चिकटलेले सगळे दुवे एकाच वेळी सुटावे लागतात, आणि तसे घडण्याची शक्यता व्यवहारात जवळजवळ नसते.

यातून निघणारी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ताण जितका कमी तितका सर्फॅक्टंट चांगला, हे समीकरण लहान रेणूंच्या अभ्यासातून डोक्यात पक्के बसलेले असते. एसडीएस पाणी आणि अल्केन यांच्यातला ताण ५० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या वरून १० च्या आसपास आणतो. बहुतेक पॉलिमर इतका खाली आणत नाहीत. तरीही त्यांच्या साहाय्याने केलेले इमल्शन, म्हणजे पाण्यात विखुरलेल्या तेलाच्या बारीक थेंबांचे मिश्रण, महिनोन्‌महिने टिकू शकते, कारण पाण्यात उठलेल्या कमानी आणि शेपट्यांचा थर दोन थेंबांना एकमेकांच्या जवळ येऊ देत नाही. ताण थेंब फोडायला किती बळ लागेल ते सांगतो; फुटलेले थेंब पुन्हा एकत्र येतील की नाही, ते थराची जाडी, त्याची घनता आणि पाण्याशी असलेले त्याचे सख्य ठरवते. माझ्या मते नवख्यांचे निष्कर्ष सर्वांत जास्त इथेच चुकतात.

कोणता पॉलिमर घ्यावा

सुरुवातीला पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घ्यावे, पण बाटलीवरचे लेबल नीट वाचून. हा पॉलिमर पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे जलविघटन करून बनवतात, आणि हे विघटन कुठवर नेले आहे यावर त्याचे वागणे अवलंबून असते. ८७ ते ८९ टक्के विघटन झालेल्या प्रकारात उरलेले ॲसिटेट गट साखळीवर बऱ्याचदा गटागटाने असतात आणि तेलाला तेच धरतात. ९८ टक्क्यांच्या वर विघटन झालेला प्रकार चिकटपणासाठी आणि पातळ पडद्यांसाठी उत्तम असला, तरी आंतरपृष्ठावर फारसा उत्साही नसतो. दोन्ही पांढऱ्या भुकटीच्या रूपात मिळतात आणि नुसते पाहून ओळखता येत नाहीत. सुतारकामाचा पांढरा गोंद म्हणजे मुळात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे पाण्यातले विखुरण असते, आणि त्यातले कण वेगळे ठेवण्याचे काम पुष्कळदा अंशतः विघटित पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच करते.

दुसऱ्या टप्प्यात पोलोक्झॅमर ४०७ घ्यावे. यात मध्ये पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडचा जलद्वेषी खंड आणि दोन्ही बाजूंना पॉलिइथिलीन ऑक्साइडचे जलस्नेही खंड असतात. नावातल्या आकड्यालाही अर्थ आहे: पहिल्या दोन अंकांना १०० ने गुणले की मधल्या खंडाचे अंदाजे वस्तुमान, म्हणजे ४०००, आणि शेवटच्या अंकाला १० ने गुणले की जलस्नेही भागाची टक्केवारी, म्हणजे ७०, मिळते. पूर्ण रेणूचे वस्तुमान सुमारे १२,६०० असते. बाजारातल्या मालात लहान साखळ्यांची भेसळ असतेच, हे मात्र लक्षात ठेवावे.

डिंक शेवटी घ्यावा. सुदानहून येणाऱ्या गम अरेबिकमध्ये प्रथिनांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास असते, आणि तेलाला धरण्याचे काम मुख्यतः प्रथिन जोडलेला, एकूण वस्तुमानाच्या साधारण दहाव्या हिश्शाचा अंश करतो. त्यामुळे १ टक्का डिंकाचे द्रावण म्हणजे १ टक्का सर्फॅक्टंट, असा हिशेब करता येत नाही. आपल्याकडच्या धावड्याचा डिंक, जो जगाच्या बाजारात गम घट्टी म्हणून ओळखला जातो, तोही चांगला इमल्शनकारक आहे आणि बऱ्याचदा गम अरेबिकपेक्षा कमी प्रमाणात काम भागवतो. पण तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही. लाडवांसाठी दुकानात मिळणारा डिंक कोणत्या झाडाचा आहे याची खात्री नसते, म्हणून तो मोजमापासाठी वापरू नये.

स्वच्छता आणि तेल

हा भाग कंटाळवाणा वाटतो, तरी अर्धे यश यातच आहे. काचेची भांडी साध्या धुण्याच्या पावडरीने धुऊन तशीच वापरली, तर त्या पावडरीतला सर्फॅक्टंट तुमच्या पॉलिमरच्या आधी आंतरपृष्ठावर जाऊन बसतो. भांडी इथेनॉलने विसळावीत, गरम पाण्याने आणि मग अतिशुद्ध पाण्याने अनेकदा धुवावीत आणि आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये. इंजेक्शनची एकदाच वापरायची, रबरी दट्ट्याची सिरिंज टाळावी, कारण तिचा दट्ट्या सहज सरकावा म्हणून आत सिलिकोन तेल लावलेले असते. काचेची सिरिंज सर्वांत बरी.

तेल म्हणून आधी हेक्झाडेकेन घ्यावे. पाण्याशी त्याचा ताण २५ अंश सेल्सिअसला ५२ ते ५३ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, म्हणजे आपली पद्धत बरोबर चालते की नाही हे तपासायला एक ठाम आकडा हाताशी राहतो. बाटलीतल्या हेक्झाडेकेनमध्येही ध्रुवीय अशुद्धी असतात. ते ॲल्युमिना किंवा मॅग्नेशियम सिलिकेट भरलेल्या स्तंभातून हवे तर दोनदा गाळावे. याचा गोठणबिंदू सुमारे १८ अंश आहे, त्यामुळे पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटलीत घट्ट पांढरा गोळा दिसला तर माल खराब निघाला असे समजू नये.

सूर्यफुलाचे किंवा शेंगदाण्याचे खाद्यतेल घ्यायचे असेल, तर शुद्धीकरण अटळ आहे. त्यातली मुक्त मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइडे स्वतःच सर्फॅक्टंट असतात. शुद्ध केलेल्या सूर्यफूल तेलाचा पाण्याशी ताण ३० च्या आसपास असतो. पिशवीतून थेट घेतलेल्या तेलाचा आकडा त्याहून खाली असतो आणि काहीही न मिसळता तासाभरात आणखी घसरतो. ही घसरण पॉलिमरच्या खात्यात जमा करून काढलेले निष्कर्ष कुणाच्याच कामाचे नसतात.

पॉलिमर घालण्यापूर्वी नुसते पाणी आणि नुसते तेल घेऊन अर्धा तास ताण मोजत राहावे. आकडा स्थिर राहिला तरच पुढे जावे.

द्रावण

पॉलिव्हिनाइल अल्कोहोल गरम पाण्यात टाकले की भुकटीच्या कडा फुगतात आणि आत कोरडा गाभा राहिलेल्या गुठळ्या होतात. म्हणून ते थंड पाण्यात, ढवळत असताना, चिमटीचिमटीने भुरभुरावे, दहा-पंधरा मिनिटे फुगू द्यावे आणि मग झाकण ठेवून ८५ ते ९० अंशांवर अर्धा ते एक तास ढवळावे. भांड्याचे वजन आधी आणि नंतर करून उडालेले पाणी भरून काढावे, नाहीतर तीव्रतेचा आकडा चुकीचा राहतो. पोलोक्झॅमर ४०७ ची रीत नेमकी उलटी आहे: तो थंडीत चांगला विरघळतो, म्हणून मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. घट्ट द्रावण करायचा मोह झाला, तर २० टक्क्यांच्या आसपास ते खोलीच्या तापमानाला जेलीसारखे घट्ट होते, हे आधीच माहीत असलेले बरे. डिंक कुटून रात्रभर भिजवावा, मलमलीच्या कापडातून गाळावा आणि जमल्यास अपकेंद्री यंत्रात फिरवून वरचे द्रावण घ्यावे. गाळात किती वस्तुमान गेले ते वाळवून मोजावे.

वस्तुमानाने १ टक्क्यापासून ०.०००१ टक्क्यापर्यंत, प्रत्येक वेळी दहापट पातळ करत, पाच द्रावणे करावीत. द्रावणे दोन-तीन दिवसांत वापरून संपवावीत. डिंकाच्या द्रावणाला तर त्याआधीही वास येऊ लागतो.

लोंबत्या थेंबाचे मोजमाप

वलय किंवा पट्टी बुडवून ताण मोजण्याची उपकरणे सोयीची असली, तरी तासन्‌तास चालणाऱ्या मोजमापाला थेंबाची पद्धत जास्त योग्य आहे. पाण्यापेक्षा हलके तेल इंग्रजी जे अक्षरासारख्या वाकवलेल्या सुईतून पॉलिमरच्या द्रावणात वरच्या दिशेने सोडायचे, सुईला लटकलेल्या थेंबाचे मागून प्रकाश देऊन छायाचित्र घ्यायचे आणि त्याच्या कडेचा आकार ताण आणि थेंबाचा आकार यांचा संबंध सांगणाऱ्या यंग-लाप्लास समीकरणाशी जुळवून ताण काढायचा, अशी ही पद्धत आहे. या आकारांची गणिती कोष्टके बॅशफोर्थ आणि ॲडम्स यांनी १८८३ मध्ये दिली होती. आज मेलबर्न विद्यापीठात तयार झालेली ओपनड्रॉप ही मुक्त संगणकप्रणाली हे काम काही सेकंदांत करते. महागडे उपकरण नसले तरी चांगले भिंग असलेला कॅमेरा, सपाट भिंतींची काचेची पेटी आणि न हलणारे टेबल यांवर काम निभते. मोजपट्टी म्हणून सुईचा बाह्य व्यास सूक्ष्ममापीने मोजून द्यावा.

दोन ठिकाणी विशेष काळजी घ्यावी लागते. पहिली बाब घनतेची. या पद्धतीत ताणाचा आकडा तेल आणि पाणी यांच्या घनतांतील फरकाच्या प्रमाणात येतो. हेक्झाडेकेनसाठी हा फरक सुमारे ०.२२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे, पण सूर्यफूल तेलासाठी तो जेमतेम ०.०८ आहे, तेथे घनतेत ०.००२ ची चूक झाली की ताणात अडीच टक्क्यांची चूक होते. म्हणून पुस्तकातली घनता न घेता आपल्याच तेलाची, त्याच तापमानाला मोजलेली घनता वापरावी.

दुसरी बाब थेंबाच्या आकाराची. अचूकतेसाठी थेंब सुटण्याच्या बेतात आलेला, म्हणजे शक्य तितका मोठा आणि लांबट असावा, असे सगळीकडे लिहिलेले असते आणि ते खरे आहे. पण सुई किती आकारमानाचा थेंब धरू शकते हे ताणावर ठरते. ताण ५० वरून २५ वर येणार असेल, तर सुरुवातीला काठोकाठ मोठा केलेला थेंब मध्येच सुटून वर जातो आणि तासाभराचे मोजमाप वाया जाते. म्हणून आधी एक थेंब करून ताण कुठवर उतरतो ते पाहावे आणि खऱ्या मोजमापाचा थेंब त्या शेवटच्या ताणाला पेलेल एवढाच करावा. सुरुवातीचे आकडे थोडे कमी अचूक येतील. ते चालवून घ्यावे.

थेंब तयार झाला तो क्षण शून्य धरावा. पहिल्या मिनिटात दर सेकंदाला, पुढे दर दहा सेकंदांनी आणि त्यानंतर दर मिनिटाला एक छायाचित्र घ्यावे. तापमान अर्ध्या अंशाच्या आत स्थिर ठेवावे आणि पेटी झाकून ठेवावी.

आलेख वाचताना

पातळ द्रावणात आलेखाचे साधारण तीन भाग दिसतात: सुरुवातीला ताण जवळपास न बदलण्याचा काळ, मग वेगाने उतरण्याचा काळ आणि शेवटी न संपणारी मंद घसरण. पहिला भाग पाहून पॉलिमर काम करत नाही, असे ठरवण्याची घाई होते. प्रत्यक्षात सीमेवर पुरेसे रेणू जमण्याआधी ताण हलतच नाही. यासाठी लागणारा वेळ काढता येतो. प्रति चौरस मीटर २ मिलिग्रॅम पॉलिमर जमायला हवा आणि त्याचा विसरण गुणांक (द्रावणात रेणू किती वेगाने पसरतो ते सांगणारा आकडा) सेकंदाला ५ गुणिले १० चा उणे ११ वा घात चौरस मीटर आहे असे धरले, तर १९४६ मध्ये वॉर्ड आणि टोर्डाई यांनी मांडलेल्या समीकरणाच्या साध्या रूपानुसार ०.०१ टक्के द्रावणात सुमारे ६ सेकंद, ०.००१ टक्क्यात सुमारे १० मिनिटे आणि ०.०००१ टक्क्यात १७ तासांहून अधिक वेळ लागतो. तीव्रता दहापट कमी झाली की वेळ शंभरपट वाढतो. पाचव्या द्रावणाचे मोजमाप तासाभरात थांबवून ‘परिणाम नाही’ असे लिहिणे किती चूक आहे, हे यावरून कळेल.

शेवटची मंद घसरण विसरणाने समजावता येत नाही. तिथे आधी बसलेले रेणू पसरत असतात, नवे त्यांच्यात जागा शोधत असतात आणि पुष्कळदा आधी पोहोचलेल्या लहान साखळ्यांना मागून आलेल्या मोठ्या साखळ्या हटवत असतात. त्यामुळे ‘समतोल ताण’ हा शब्द वापरताना हात आखडता घ्यावा आणि ‘दोन तासांनंतरचा ताण’ असे सरळ लिहावे. याच कारणाने तीव्रतेच्या लॉगॅरिदमसमोर मांडलेल्या आलेखात एसडीएसला दिसतो तसा तीक्ष्ण कोन शोधत बसू नये. एसडीएसमध्ये २५ अंशांना ८ मिलिमोलरच्या थोडे वर मायसेल, म्हणजे सर्फॅक्टंट रेणूंचे पुंजके, बनू लागतात आणि आलेख एकदम आडवा होतो. पॉलिमरचा आलेख गोलसर वळतो आणि पोलोक्झॅमरमध्ये तर बऱ्याचदा दोन ठिकाणी वळतो.

धुण्याची आणि दाबण्याची चाचणी

दोन तास झालेल्या थेंबाभोवतीचे द्रावण बारीक नळीने अगदी सावकाश काढत, दुसऱ्या बाजूने शुद्ध पाणी सोडावे. पेटीतल्या द्रावणाच्या अनेक पट पाणी जाऊ द्यावे. एसडीएस असेल तर ताण चढत जाऊन शुद्ध पाण्याच्या जवळ पोहोचतो. पॉलिमर असेल तर तो जवळपास आहे तिथेच राहतो. रेणू निघत नाहीत हे वाचून समजण्यापेक्षा ही चाचणी एकदा करून पाहणे कितीतरी उपयुक्त आहे, आणि वेळ कमी असेल तर बाकीच्या चाचण्या सोडून ही करावी.

त्यानंतर सिरिंजचा दट्ट्या हळू मागे ओढून थेंबातले तेल परत घ्यावे. गम अरेबिकच्या द्रावणात काही तास ठेवलेला थेंब लहान होऊ लागला की सुईच्या जवळ, थेंबाच्या मानेवर, बारीक उभ्या सुरकुत्या दिसतात: आंतरपृष्ठावर घट्ट कातडी तयार झालेली असते आणि क्षेत्रफळ कमी झाले तरी ती विरघळत नाही. सुरकुत्या दिसल्या की संगणकाने दिलेला ताणाचा आकडा सोडून द्यावा, कारण यंग-लाप्लास समीकरण द्रवासारख्या पृष्ठासाठी आहे, ताणलेल्या कातडीसाठी नाही. छायाचित्र मात्र जपून ठेवावे.

इमल्शन करून पाहणे

किती पॉलिमर लागेल याचा हिशेब आधी कागदावर करावा. थेंबांचे एकूण क्षेत्रफळ म्हणजे तेलाच्या आकारमानाची सहापट भागिले सरासरी व्यास. १० मिलिलिटर तेलाचे ५ मायक्रोमीटरचे थेंब केले तर १२ चौरस मीटर क्षेत्रफळ होते आणि चौरस मीटरला २ मिलिग्रॅम धरल्यास २४ मिलिग्रॅम पॉलिमर सीमेवर लागतो. थेंब १ मायक्रोमीटरचे हवे असतील तर तोच आकडा १२० मिलिग्रॅम होतो. शिवाय थेंब फुटल्यापासून पुन्हा आदळेपर्यंत अगदी अल्प वेळ मिळतो, आणि हळू येणाऱ्या पॉलिमरला तेवढ्यात पोहोचायचे असते. म्हणून प्रत्यक्षात याच्या काही पट पॉलिमर घ्यावा लागतो.

पण फार जास्तही नको. कमी पडला तर एकच साखळी दोन थेंबांना धरते आणि थेंबांचे घोस होतात. जास्त झाला तर पाण्यात मोकळ्या राहिलेल्या साखळ्या दोन जवळच्या थेंबांमधल्या फटीतून बाहेर राहतात आणि त्यांच्या परासरण दाबामुळे थेंब एकमेकांकडे ढकलले जातात. हा परिणाम आसाकुरा आणि ओसावा यांनी १९५४ मध्ये दाखवला. दोन्हींत इमल्शनवर साय, म्हणजे वर चढलेल्या थेंबांचा थर, लवकर येते. ५ मायक्रोमीटरचा सूर्यफूल तेलाचा सुटा थेंब पाण्यात तासाला सुमारे ४ मिलिमीटर वर चढतो. तुमच्या बाटलीत साय याहून पुष्कळ वेगाने येत असेल, तर थेंब मोठे आहेत किंवा घोस झाले आहेत.

दोहोंतला फरक सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. एक थेंब पाण्याने पातळ करून पाहावा, मग त्याच पातळ नमुन्यात १ टक्का एसडीएस मिसळून पुन्हा पाहावा. घोस सुटून मूळ आकाराचे लहान थेंब दिसले, तर इमल्शन शाबूत आहे आणि पॉलिमरचे प्रमाण बदलून काम होईल. मोठे थेंब तसेच राहिले, तर थेंब एकमेकांत मिसळून गेले आहेत आणि थरच कमकुवत आहे.

हे सगळे जमल्यावर त्याच इमल्शनचे तीन भाग करावेत. एक तसाच ठेवावा, दुसऱ्यात सोडियम सल्फेट थोडे थोडे घालत जावे आणि तिसरा हळूहळू गरम करावा. सल्फेटमुळे पॉलिव्हिनाइल अल्कोहोलला पाणी मानवेनासे होते, उठलेल्या कमानी आक्रसतात आणि एका ठरावीक प्रमाणानंतर थेंबांचे घोस दिसू लागतात. पोलोक्झॅमरच्या शेपट्या तापमान वाढते तशा पाण्यापासून दूर होऊ लागतात, आणि मीठ असेल तर हे आणखी कमी तापमानाला घडते. ज्या प्रमाणाला आणि ज्या तापमानाला घोस होऊ लागले, ते दोन्ही आकडे पॉलिमरच्या बॅच क्रमांकासह वहीत लिहावेत. नवी बाटली उघडली की आधी हीच चाचणी करून हे आकडे जुळतात का ते पाहता येते.